शिफारसपत्र : विशेषणांचा बाजार आणि वाचनाची टाळाटाळ

‘शिफारस’ हा शब्द मराठीने फारसीकडून घेतला आणि ‘वशिला’ अरबीकडून. मध्यस्थाने एखाद्यासाठी शब्द टाकावा, हाच दोन्ही शब्दांमागील व्यवहार. परंतु मराठीत त्यांचे नशीब वेगवेगळे झाले. शिफारस प्रतिष्ठित राहिली. निवड समिती उमेदवाराची शिफारस करते, अभ्यासमंडळ ग्रंथाची शिफारस करते, आयोग शासनाला शिफारशी सादर करतो. वशिला मात्र बदनाम झाला. ‘वशिल्याचे तट्टू’ म्हटले की पुढे काही सांगावे लागत नाही. एकाच कृतीला दोन नावे ठेवण्याची ही सोय समाजाने उगाच केलेली नाही. लेखी, सहीनिशी आणि संस्थेच्या कागदावर केली तर शिफारस. तोंडी आणि बंद दाराआड केली तर वशिला, असा हा ढोबळ भेद आहे. अध्यापकपदाच्या अर्जासोबत मागितल्या जाणाऱ्या शिफारसपत्रांच्या बाबतीत हा भेद कितपत टिकतो, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

ही पत्रे मागण्याची रूढी आज सर्वांत घट्ट रुजलेली आहे ती अमेरिकेतील विद्यापीठांत. दक्षिण आशियाई भाषा, तौलनिक साहित्य, इतिहास, मानववंशशास्त्र अशा विषयांत पीएच.डी. करण्यासाठी महाराष्ट्रातून जे विद्यार्थी तिकडे जातात, त्यांना प्रवेशाच्या वेळी एकदा आणि पदवी मिळाल्यावर नोकरी शोधताना पुन्हा या रूढीशी गाठ घ्यावी लागते. सामान्यतः तीन पत्रे लागतात. ती उमेदवाराने स्वतः जोडावयाची नसतात. लिहिणाऱ्याने ती परस्पर पाठवावयाची असतात. पूर्वी हे काम टपालाने आणि विद्यापीठातील नियुक्ती कार्यालयामार्फत होत असे. पत्रांची फाइल त्या कार्यालयात राही आणि मागणीनुसार तिच्या प्रती रवाना होत. पुढे संगणकीय व्यवस्था आली. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या इंटरफोलिओसारख्या कंपन्या पत्रे साठवून ठेवू लागल्या आणि ती पोहोचवण्याबद्दल अर्जदाराकडून पैसे घेऊ लागल्या. श्रम कमी होतील अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अर्ज करणे जितके सोपे झाले, तितकी अर्जांची संख्या वाढली. शिवाय अनेक विद्यापीठांनी आपापली स्वतंत्र संगणकीय व्यवस्था उभारून प्रत्येक पत्र पुन्हा नव्याने मागण्यास सुरुवात केली.

यातील गणित साधे आहे. समजा, एका उमेदवाराने एका हंगामात ४० ठिकाणी अर्ज केले. म्हणजे त्याच्या वतीने १२० वेळा पत्र पोहोचले पाहिजे. समजा, एका जागेसाठी २०० अर्ज आले. म्हणजे समितीपुढे ६०० पत्रे जमा झाली. समिती पहिल्या चाळणीत उमेदवाराचे अर्जपत्र आणि कार्यवृत्त पाहते, १० ते १५ नावे पुढे काढते आणि त्यांचीच पत्रे लक्षपूर्वक वाचते. उरलेली साडेपाचशे पत्रे कोणी, कोणासाठी आणि का लिहिली, या प्रश्नाला उत्तर नाही. मानव्यविद्यांमधील कायम जागा कमी होत चालल्या असताना हा अपव्यय वाढत जावा, हे अधिक खेदजनक आहे. एखाद्या प्रतिष्ठित प्राध्यापकाकडे दरवर्षी दहा-बारा विद्यार्थी पत्रासाठी येत असतील, तर त्याचा हिवाळ्याच्या आधीचा सारा काळ या कामात जातो. हा वेळ तो ज्या विद्यार्थ्यांच्या प्रकरणांचे वाचन करू शकला असता, त्यांच्याच वाट्यातून कापला जातो.

वेळेचा अपव्यय ही मात्र या प्रश्नाची वरवरची बाजू होय. साहित्याच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असा भाग पत्राच्या भाषेत आहे.

शिफारसपत्र हा प्राचीन लेखनप्रकार आहे. सिसेरोने स्नेह्यांना लिहिलेल्या पत्रांचा जो संग्रह उपलब्ध आहे, त्याचा तेरावा खंड जवळजवळ संपूर्णपणे शिफारसपत्रांनी भरलेला आहे. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. आपली आजची शिफारस नेहमीसारखी, उपचाराची नाही, असे सिसेरोला पुनःपुन्हा बजावून सांगावे लागते. आणि एका पत्रात तर खऱ्या शिफारशीवर घालावयाची एक ठरलेली खूण असल्याचाही उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच या प्रकाराला स्तुतीच्या चलनवाढीने गाठले होते, असा याचा अर्थ. सर्वांचीच स्तुती होऊ लागली की स्तुतीचे मूल्य घटते. ते टिकवण्यासाठी आणखी मोठे विशेषण वापरावे लागते. आणि मग तेही नाणे घासून गुळगुळीत होते. आजच्या अमेरिकी पत्रात एखाद्या संशोधकाला केवळ ‘चांगला’ म्हणणे हे त्याला नाकारण्यासारखे आहे. ‘माझ्या तीस वर्षांच्या अध्यापनात भेटलेल्या सर्वोत्तम तिघांपैकी एक’ ही तेथील साधी, रोजच्या वापराची शब्दरचना बनली आहे. अशा सर्वोत्तम तिघांची एकूण संख्या कोणी मोजली, तर मौजच होईल.

याउलट ज्यांनी अतिशयोक्ती नाकारली, त्यांचा शब्द लक्षात राहतो. १९४८ मध्ये जॉन नॅश या विद्यार्थ्यासाठी कार्नेगी तंत्रसंस्थेतील प्राध्यापक रिचर्ड डफिन यांनी प्रिन्स्टनला पाठवलेले पत्र अवघ्या काही ओळींचे होते. त्यात मुलाचे वय, तो केव्हा पदवीधर होणार, आणि तो गणितातील प्रतिभावंत आहे, याहून फारसे काही नव्हते. परंतु हे उदाहरण जितके आकर्षक, तितकेच फसवे आहे. ते पत्र पोहोचले ते वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याच्या मापाची कल्पना असलेल्या एका लहान वर्तुळात. अनोळखी माणसाने अनोळखी समितीला अशा तीन ओळी पाठवल्या, तर त्याला विद्यार्थ्याविषयी सांगण्यासारखे काही नव्हते, असाच निष्कर्ष निघेल.

मराठी अध्यापकाची अडचण येथेच सुरू होते. मराठी शैक्षणिक व्यवहारात तोंडावर स्तुती करण्याची रीत नाही. प्रबंधाचे प्रकरण वाचून मार्गदर्शकाने ‘बरे झाले आहे’ म्हटले की विद्यार्थी दोन दिवस आनंदात असतो. जी भाषा अशी मोजून-मापून बोलते, तिच्यात घडलेला अध्यापक इंग्रजीत शिफारसपत्र लिहावयास बसतो तेव्हा त्याच्या हाती येणारी विशेषणे ठरलेली असतात : कष्टाळू, नम्र, आज्ञाधारक, वक्तशीर, होतकरू. यांपैकी प्रत्येक शब्द तो मनापासून लिहितो. परंतु ‘होतकरू’ या शब्दाचीच गंमत पाहावी. ज्याच्याकडून पुढे काही होईल असा तो होतकरू. म्हणजेच ज्याच्याकडून अजून काही झालेले नाही असाही. पस्तिशीतील, ग्रंथ प्रसिद्ध झालेल्या संशोधिकेला होतकरू म्हणणे हे तिचे वय आणि काम दोन्ही पुसून टाकणे होय.

ही केवळ शब्दच्छलाची बाब नाही. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का यांनी अमेरिकेतील एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक म्हणून नेमल्या गेलेल्यांची तीनशेहून अधिक शिफारसपत्रे तपासून २००३ मध्ये जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात स्त्रियांसाठी लिहिलेली पत्रे तुलनेने आखूड आढळली आणि त्यांत बुद्धीपेक्षा मेहनतीचा उल्लेख अधिक आढळला. मानसशास्त्राच्या क्षेत्रातील अर्जदारांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात स्त्रियांसाठी ‘मदत करणारी’, ‘जिव्हाळा असलेली’ अशा धाटणीची, तर पुरुषांसाठी महत्त्वाकांक्षा व आत्मविश्वास दर्शवणारी विशेषणे अधिक दिसली. आणि पहिल्या प्रकारच्या विशेषणांमुळे उमेदवाराची नेमणुकीची योग्यता कमी लेखली जाते, असेही दिसून आले. लिहिणारे दुष्ट होते असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. त्यांनी कदाचित अत्यंत आपुलकीने लिहिले असेल. त्यांच्या आपुलकीनेच घात केला.

हे निष्कर्ष मराठी संदर्भात ठेवून पाहिले, तर अस्वस्थ व्हावे लागते. घरातील पहिल्याच पिढीत शिकलेल्या, ग्रामीण वा दलित वा भटक्या समाजातून आलेल्या विद्यार्थ्याविषयी लिहिताना अध्यापकाची लेखणी सहजपणे त्याच्या परिस्थितीकडे वळते. किती हालअपेष्टा सोसून तो शिकला, किती मैल पायपीट केली, स्वभावाने किती विनम्र आहे, हे सारे येते. त्याने दलित आत्मकथनांच्या भाषेविषयी काय नवे म्हटले, कोणत्या प्रस्थापित समीक्षकाचे कोणते मत कोणत्या पुराव्याने खोडून काढले, हे मात्र येत नाही. त्याच विभागातील दुसऱ्या, सुस्थित घरातील विद्यार्थ्याविषयी लिहिताना तीच लेखणी ‘विश्लेषक बुद्धी’, ‘सैद्धान्तिक पकड’ असे शब्द वापरते. दोन्ही पत्रांत प्रेम सारखेच असते. समितीच्या टेबलावर पोहोचते ते असे की एकाला कणव मिळाली आणि दुसऱ्याला बुद्धी.

यापुढची पायरी अधिक अवघड आहे आणि तिच्याविषयी विभागांत उघडपणे बोलले जात नाही. विद्यार्थी पत्र मागावयास जातो आणि त्याला सांगण्यात येते, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ यामागे दर वेळी आळस असतो असे नाही. इंग्रजीत अशा प्रकारचे लेखन करण्याचा सराव नसतो, कोठे काय अपेक्षित असते याची माहिती नसते, आठवड्याला भरपूर तासिका असतात, परीक्षांचे काम मागे लागलेले असते. तरीही जे घडते ते विचित्र आहे. विद्यार्थ्याला आपल्या गुरूचा आवाज धारण करून तृतीयपुरुषात स्वतःचे गुणवर्णन करावे लागते. कादंबरीतील निवेदकाच्या विश्वासार्हतेवर पानेच्या पाने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतःच्याच आयुष्यात असा अविश्वसनीय निवेदक उभा करण्याची पाळी यावी, यातील विरोधाभास ध्यानात यावा. त्यात लाजाळू विद्यार्थी स्वतःविषयी कमी लिहितो आणि धीट विद्यार्थी अधिक; म्हणजे पत्र मोजते ते धिटाई. शिवाय एकाच विद्यार्थ्याने तीन गुरूंच्या नावे तीन पत्रे लिहिली, तर ती तीनही एकाच शैलीत उतरतात, आणि अनुभवी वाचकाच्या ते लक्षात येते. दंड मग विद्यार्थ्यालाच भरावा लागतो. सही करणाऱ्याला काही होत नाही.

गोपनीयतेचा प्रश्नही याला जोडून येतो. अमेरिकेत १९७४ च्या शैक्षणिक हक्क व गोपनीयताविषयक कायद्याने विद्यार्थ्याला आपली कागदपत्रे पाहण्याचा अधिकार दिला. परंतु शिफारसपत्रांपुरता तो अधिकार स्वेच्छेने सोडण्याची मुभाही ठेवली. व्यवहारात ही स्वेच्छा नावापुरती आहे. अधिकार न सोडणाऱ्याच्या पत्राकडे संशयाने पाहिले जाते, म्हणून जवळपास प्रत्येक जण तो सोडतो. ज्या कागदावर आपले पुढचे आयुष्य अवलंबून आहे, त्यात काय लिहिले आहे हे ठाऊक नसण्याची अट उमेदवार आपल्या हाताने मान्य करतो. एखाद्या पत्रातील अर्ध्या वाक्याने आपली वाट अडवली की काय, हे त्याला कधीच कळत नाही.

आणि म्हणून तो जपून वागतो. येथे हा प्रश्न संशोधनाच्या गाभ्यापाशी येऊन पोहोचतो. पदवी मिळाल्यावर विद्यार्थी स्वतंत्र संशोधक झाला असे विद्यापीठ जाहीर करते. परंतु पुढील पाच-सात वर्षे, प्रत्येक हंगामात, त्याला त्याच तीन व्यक्तींकडे परत जावे लागते. मार्गदर्शकाच्या मताविरुद्ध निबंध प्रसिद्ध करावा की थोडे थांबावे, हा विचार त्याच्या मनात आल्याशिवाय राहत नाही. गुरूने त्याला कधी धमकावलेले नसते. धमकीची गरजच नसते. मराठी प्रबंधांच्या आरंभी छापलेले ऋणनिर्देश कोणी एकत्र करून वाचावेत. ती एक प्रकारे उलट्या दिशेने लिहिलेली शिफारसपत्रे आहेत, आणि त्यांतही विशेषणांची चलनवाढ तितकीच झालेली आढळेल.

मग ही पत्रे सरसकट बंद करावीत काय? असे म्हणण्यापूर्वी इतिहासातील दोन प्रसंगांकडे पाहावे लागते. इंटरनंतर भीमराव आंबेडकरांचे शिक्षण पैशाअभावी थांबण्याची वेळ आली, तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी सयाजीराव गायकवाडांकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. पुढे १९१६ मध्ये आंबेडकर न्यूयॉर्कहून लंडनला निघाले तेव्हा कोलंबिया विद्यापीठातील प्रा. एडविन सेलिगमन यांनी लंडनच्या अर्थशास्त्र संस्थेतील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना पत्र लिहिले. ज्या समाजाला सर्व दारे बंद होती, त्यातील एका विद्यार्थ्यासाठी हे शब्द किल्लीसारखे ठरले. केळुसकर हे स्वतः बुद्धाचे आणि शिवाजी महाराजांचे चरित्रकार; मुलाची पारख त्यांनी त्याला वाचताना पाहून केली होती. त्यांनी टाकलेल्या शब्दाचे वजन त्या पारखीतून आलेले होते.

दुसरे उदाहरण रामानुजन यांचे. मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांनी त्यांच्यासाठी शिफारस लिहिली आणि १९१२ मध्ये रामानुजनांना मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये दरमहा ३० रुपयांवर कारकुनी मिळाली. पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांनी केंब्रिजच्या हार्डींना पत्र लिहिले ते कोणाच्या शिफारशीविना, स्वतःची प्रमेये सोबत जोडून. शिफारशीने कारकुनी दिली, प्रमेयांनी केंब्रिज दिले, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावयास हवा, कारण त्या कारकुनीने एका उपाशी माणसाला उभे राहण्यापुरती जमीन दिली होती. पण हार्डींनी काय केले, हे महत्त्वाचे आहे. त्यांनी अनोळखी माणसाने पाठवलेली पाने वाचली आणि आपल्या सहकाऱ्याबरोबर बसून ती तपासली. त्यांना मध्यस्थ लागला नाही, कारण वाचण्याचे काम त्यांनी स्वतः केले.

शिफारसपत्रांच्या आजच्या व्यवस्थेतील खरे दुखणे येथे आहे. दोनशे उमेदवारांचे निबंध वाचावयाचे तर समितीला महिने लागतील. म्हणून कोणीतरी आधीच वाचून दिलेला अभिप्राय हवा असतो. परंतु तो अभिप्राय लिहिणाऱ्यालाही वाचावयास वेळ मिळालेला नसतो, आणि सहाशे अभिप्राय गोळा करणाऱ्या समितीलाही ते वाचावयाचे नसतात. वाचन एकाकडून दुसऱ्याकडे ढकलले जाते आणि अखेर कोणीच करत नाही. मग निर्णय पत्राखालच्या सहीवर आणि पत्राच्या माथ्यावरील विद्यापीठाच्या नावावर होतो. या टप्प्यावर शिफारस आणि वशिला यांतील अंतर फार उरत नाही. वशिला तेवढा सुबक कागदावर छापलेला असतो.

पत्रांच्या बाजूने एक युक्तिवाद प्रामाणिकपणे केला जातो आणि तो मांडला पाहिजे. पत्रे काढून टाकली तर समितीपुढे केवळ पदवी देणाऱ्या विद्यापीठाचे नाव उरेल, आणि लहान संस्थेतील गुणी उमेदवाराला तारणारा आवाजच राहणार नाही, असे त्याचे स्वरूप आहे. हा युक्तिवाद खोटा नाही. पण तो अंतिम यादीतील दहा-पंधरा नावांपुरता खरा आहे. पहिल्या चाळणीत ज्यांची पत्रे उघडलीच जात नाहीत, त्यांना ती पत्रे कशी तारणार? शिवाय लहान संस्थेतील उमेदवाराला पत्र लिहिणारा अध्यापकही बहुधा लहान संस्थेतीलच असतो. त्याच्याकडे संस्थेचा संगणकीय पत्ताही कधी नसतो. तो निवृत्त झालेला असतो. त्याच्या सहीला अटलांटिकपलीकडे ओळख नसते.

महाराष्ट्रात बसून या साऱ्याकडे तटस्थपणे पाहण्याचे मात्र कारण नाही. येथील अर्जात दोन संदर्भव्यक्तींची नावे मागण्याची पद्धत आहे, पण त्यांना प्रत्यक्षात कोणी काही विचारल्याचे क्वचितच ऐकू येते. पत्रांची जागा आकड्यांनी घेतली. १९८९ पासून नेट आली, नंतर सेट आली; २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमावलीने निबंध, चर्चासत्रे आणि ग्रंथ यांना गुणांक लावले, आणि गुणांक मिळवण्यासाठी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिके पावसाळ्यातील छत्र्यांसारखी उगवली. आकडा पक्षपात करत नाही, असा त्यामागील विश्वास होता. परंतु आकडाही वाचनाच्या टाळाटाळीतूनच जन्मतो. निबंधाचे गुण मोजणाऱ्याने निबंध वाचलेला असतोच असे नाही. आणि आकड्यांच्या पलीकडे, अंतिम निवडीच्या क्षणी जे ठरते ते कोणत्याही कागदावर नसते. तासिका तत्त्वावर दहा-दहा वर्षे शिकवणाऱ्या अध्यापकांना ते नेमके ठाऊक आहे. अमेरिकेतील उमेदवाराला निदान न वाचलेले का होईना, पत्र असते.

बदल अवघड नाहीत. पत्रे मागावयाचीच तर ती अंतिम यादीतील उमेदवारांचीच मागावीत. तिकडील काही विभागांनी तशी पद्धत स्वीकारलीही आहे. पत्र प्रत्येक ठिकाणासाठी नव्याने न मागता एकच सर्वत्र चालावे. आणि ‘उमेदवाराविषयी आपले मत कळवावे’ असे मोघम न विचारता, त्याच्या कोणत्या लेखनाशी लिहिणाऱ्याचा परिचय आहे आणि त्यात नवे काय आहे, एवढेच विचारावे. या प्रश्नाचे उत्तर विशेषणांत देता येत नाही, आणि विद्यार्थ्याकडून लिहून घेतले तरी निदान त्याच्या कामाविषयीच लिहिले जाते. मराठी विभागांपुरते बोलावयाचे तर विद्यार्थ्याने पत्र मागितल्यावर मार्गदर्शकाने त्याच्याकडून कार्यवृत्ताबरोबर प्रबंधाचे सर्वांत चांगले प्रकरण मागून घ्यावे, ते पुन्हा वाचावे आणि मग मराठीत पत्र लिहावे. इंग्रजी अनुवादाला विभागातील कोणी तरुण सहकारी मदत करू शकेल. मराठीत लिहिताना ‘आज्ञाधारक’ हा शब्द कागदावर उतरला, तर तो संशोधकाच्या संदर्भात किती विपरीत आहे, हे लिहिणाऱ्यालाच प्रथम दिसेल.